बाइकची बॅटरी उतरली? नवी आणण्याआधी घरीच तपासा

दिवाळीला पुण्याहून साताऱ्यात यावं, चार महिने घरी उभी असलेली बाइक बाहेर काढावी आणि बटण दाबलं की नुसतं ‘टक् टक् टक्’. आमच्याकडे हे सलग दोन वर्षं झालं. पहिल्या वर्षी मी त्याच दिवशी नवी बॅटरी घातली. दुसऱ्या दिवाळीला तीच नवी बॅटरी उतरलेली. वडील, म्हणजे आप्पा, वैतागून म्हणाले, “अरे, दर रविवारी न चुकता चालू करतोय मी, तरी कशी उतरली?”

“किती वेळ चालू ठेवता, आप्पा?”

“पाच मिनिटं. स्टँडवर. मग बंद.”

दुखणं त्या पाच मिनिटांतच होतं. त्याकडे शेवटी येतो. त्या वर्षी मात्र मी दुकानात गेलो नाही. मीटर घेतला, बॅटरी काढली, रात्रभर सावकाश चार्ज केली, आणि तीच बॅटरी पुढे दीड वर्ष चालली. आदल्या वर्षी बदलून दिलेली बॅटरीही बहुधा जिवंतच होती, याची रुखरुख अजून आहे. उपाशी बॅटरी आणि मेलेली बॅटरी बाहेरून अगदी सारखी दिसते. फरक मोजल्यावरच कळतो, आणि मोजणं घरी सहज जमतं.

आधी बॅटरीच आहे ना, ते बघा

चावी फिरवा. न्यूट्रलचा दिवा बघा, हॉर्न वाजवा, मग बटण दाबा. दिवा आधीच मिणमिणता, हॉर्नचा आवाज घोगरा, आणि बटण दाबल्यावर दिवा विझत जाऊन टकटक होत असेल, तर बॅटरी उतरली आहे. दिवा लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि बटण दाबल्यावर एकच ‘टक्’ होऊन पुढे काही नाही, तर दोष बहुधा स्टार्टर रिलेत किंवा सेल्फ मोटरमध्ये आहे. काहीच आवाज नाही पण दिवे ठीक आहेत, तर हँडलवरचा लाल किल स्विच बघा, साइड स्टँड वर करा, क्लच पूर्ण दाबा. घरात लहान मूल असेल तर किल स्विचला हात लागलेला असतो, हे हमखास.

चावी फिरवून अजिबात काही पेटत नसेल तर फ्यूज बघा. तो बॅटरीजवळच्या छोट्या डबीत असतो, आणि बऱ्याच गाड्यांत शेजारी एक जादा फ्यूजही ठेवलेला असतो. जळालेल्या फ्यूजच्या आतली पट्टी तुटलेली दिसते. नवा घालताना तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा जाड तार गुंडाळून गाडी चालू करून देणारे पुष्कळ भेटतात. त्याने गाडी चालू होते, पण पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, कधी कधी गाडीसकट.

आत्ता निघायचंच असेल तर

किक असेल तर किक मारून बघा. जुन्या कार्बोरेटरच्या कित्येक गाड्या बॅटरी पार उतरली तरी किकवर चालू होतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या मात्र बहुतेक फ्यूएल इंजेक्शनच्या आहेत. त्यांत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरीत थोडा जीव असेल तर त्या चालू होतील, पण पूर्ण रिकामी असेल तर कितीही किक मारा, पेट्रोल इंजिनापर्यंत पोचणारच नाही. चावी फिरवल्यावर टाकीकडून येणारा दोन सेकंदांचा ‘घुंई’ आवाज ऐका. तो आला नाही तर पायाला त्रास देऊ नका.

धक्का स्टार्टचंही तसंच. साताऱ्याला किल्ल्याच्या पायथ्याशी वसल्याचा फायदा हा, की उतार शोधावा लागत नाही. राजपथावरून खालच्या रस्त्याकडे उतरणारा कुठलाही बोळ चालतो. चावी चालू, किल स्विच चालू, गिअर दुसरा, क्लच दाबलेला. गाडी माणूस पळेल इतक्या वेगात आली की क्लच झटक्यात सोडा, आणि इंजिनाने पकड घेतली की लगेच परत दाबून हलका ॲक्सिलरेटर द्या. पहिल्या गिअरला चाक अडकून घासतं, म्हणून दुसरा. गाडी उतारावर असताना चावी लॉककडे फिरवू नका, हँडल लॉक झालं तर सरळ तोंडावर पडाल. यवतेश्वरच्या घाटात तर हा प्रकार नकोच, कारण बॅटरी उतरलेल्या गाडीला हॉर्न नसतो आणि ब्रेकचा दिवाही नसतो. ॲक्टिव्हासारख्या बिनगिअरच्या स्कूटरला धक्का मारून काहीच उपयोग नाही. तिचं चाक इंजिनाला फिरवू शकत नाही.

शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी वापरून जंप द्यायचा असेल तर दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या हव्यात. चारचाकीवरून देत असाल तर तिचं इंजिन बंदच ठेवा. लाल केबल आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग तिच्या प्लसला. काळी तिच्या मायनसला, आणि काळीचं दुसरं टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ उडू नये म्हणून हे. गाडी चालू झाली की उलट क्रमाने काढा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. गाडी चालू करून, चालू असतानाच बॅटरी काढून दुसऱ्या गाडीला लावायची युक्ती सांगणारे आहेत. बॅटरी हा त्या वायरिंगचा आधार असतो. ती निघाली की व्होल्टेज उसळतं, आणि इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. त्याची किंमत चार-पाच बॅटऱ्यांहून जास्त.

बॅटरी काढताना

साइड पॅनेल किंवा सीटखाली ती सापडेल. काही उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली वायर कुठे, रबरी पट्टा कसा अडकवलाय. लागतो तो १० चा पाना किंवा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर.

आधी काळी, म्हणजे मायनस. मग लाल. उलटं केलंत आणि लाल सोडवताना पाना गाडीच्या सांगाड्याला टेकला, तर पान्यातून थेट शॉर्ट होतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, तेही याचसाठी.

स्क्रू सुटला की टर्मिनलच्या खाचेतला छोटा चौकोनी नट निसटतो आणि गाडीच्या पोटात कुठेतरी गडप होतो. हा नट पाच रुपयांचा, पण संध्याकाळी सात वाजता तो मिळत नाही. म्हणून काढायच्या आधीच टर्मिनलखाली फडक्याची घडी कोंबा, आणि परत बसवताना नटाखाली स्पंजचा तुकडा ठेवा, म्हणजे नट वर राहतो आणि आटे लगेच धरतात.

टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी साठली असेल तर ती हाताने खरवडू नका. वाटीभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा आणि जुन्या टूथब्रशने लावा. फेस येईल, तो थांबला की साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडं करा. वर झाकणं असलेली पाण्याची बॅटरी असेल तर सोड्याचं पाणी आत जाऊ देऊ नका. वायरीच्या टोकाची रिंगही घासा. कित्येकदा दोष एवढाच असतो, बॅटरी ठणठणीत आणि टर्मिनल सैल किंवा बुरसटलेलं. शेवटी सगळं घट्ट बसल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. साताऱ्याच्या पावसात त्याचा फार उपयोग होतो.

मीटर काय सांगतो

तीनशे-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरतो. काटा डीसी २० व्होल्टवर, लाल टोक प्लसला, काळं मायनसला.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. म्हणून भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या आसपास म्हणजे पाव. ११.८ च्या खाली ती रिकामी धरा. नुकती चार्ज केलेली किंवा नुकती गाडीतून काढलेली बॅटरी खोटा, चढा आकडा दाखवते, तेव्हा तीन-चार तास शांत ठेवून मोजा.

रिकामी बॅटरी तशीच ठेवणं हा तिच्यावरचा सगळ्यात मोठा अन्याय. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केलं तर तो विरघळतो. आठवडेच्या आठवडे गेले की त्याचे कडक खडे होतात आणि तेवढी पट्टी कायमची निकामी होते. म्हणून ‘सुट्टीत बघू’ म्हणू नका. आज उतरली तर आज रात्री चार्जिंगला लावा.

चार्जिंग: घाई नाही, धग नाही

बॅटरीवर ए.एच. (अँपिअर-अवर, म्हणजे तिची क्षमता) लिहिलेलं असतं. स्कूटर आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारण ३ ते ५, दणकट गाड्यांना ८-९, जुन्या बुलेटला १४. त्याच्या दहाव्या हिश्शाइतका करंट द्यायचा. ४ ए.एच.ची बॅटरी असेल तर ०.४ अँपिअर, आणि पूर्ण रिकामी असेल तर दहा-बारा तास. बऱ्याच बॅटऱ्यांवर हा आकडा छापलेलाच असतो, तो आधी वाचा.

त्यामुळे इन्व्हर्टरचा किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर या छोट्या बॅटरीला लावू नका. तो पाच-दहा अँपिअर ढकलतो. बॅटरी तासाभरात ‘फुल’ दिसते, पण आतून तापलेली आणि फुगलेली. लॅपटॉपचा ॲडॉप्टर, बल्ब जोडून केलेला घरगुती जुगाड, हेही नको. मोटरसायकलसाठीचा, पूर्ण झाल्यावर आपोआप थांबणारा ऑटोमॅटिक चार्जर घ्या. घरात दोन गाड्या असतील तर पहिल्याच वाचलेल्या बॅटरीत त्याचे पैसे वसूल होतात.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, आणि तो पेटतो. म्हणून जागा पडवीची किंवा गॅलरीची, वारं असलेली, सावलीतली. स्वयंपाकघरात गॅसजवळ नाही, देवघरात समई-उदबत्तीपाशी नाही, आणि शेजारी विडी ओढत बसलेला माणूस नाही. बॅटरी उभी ठेवा, लाकडी पाटावर किंवा विटेवर. लहान पोरांचा हात पोचेल तिथे नको.

चिमटे आधी बॅटरीला लावा, लाल प्लसला, काळा मायनसला, आणि मग प्लग भिंतीत. काढताना आधी प्लग. मधे दोन-तीनदा हाताने चाचपून बघा. कोमट लागली तर ठीक, हात ठेववत नसेल तर ताबडतोब बंद. कुजक्या अंड्यासारखा वास आला तरी बंद, आणि ती बॅटरी पुन्हा लावू नका. मधे लाइट गेली तर बिघडत नाही, आल्यावर पुढे चालू.

फार खोल उतरलेली बॅटरी काही स्मार्ट चार्जर ओळखतच नाहीत, लाल दिवा दाखवून थांबतात. अशी बॅटरी दुकानात सावकाश चार्जिंगला द्या, आणि देताना ‘स्लो लावा, संध्याकाळची घाई नाही’ असं स्पष्ट सांगा. घाईचं गिऱ्हाईक वाटलं की दुकानदार जास्त करंटवर लावतो.

वर सहा झाकणं असलेली पाण्याची बॅटरी असेल तर झाकणं उघडून पातळी बघा, बाजूला वरची-खालची रेघ असते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच पाणी आधी घाला, आणि चार्ज झाल्यावर वरच्या रेघेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलंत तर चार्जिंगमध्ये पातळी चढून ॲसिड बाहेर येतं. पाणी फक्त डिस्टिल्ड. नळाचं, आरओचं, विहिरीचं काहीही नको, आणि ॲसिड तर मुळीच नको. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. ‘मेंटेनन्स फ्री’ लिहिलेल्या बॅटरीचं झाकण मात्र उचकटू नका.

ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं सलग पाणी मारा आणि तसंच दवाखाना गाठा.

आता निकाल

चार्ज झाल्यावर बॅटरी रात्रभर नुसती ठेवा आणि सकाळी मोजा. १२.६ च्या वर टिकली तर उत्तम. १२.३-१२.४ वर घसरली तर म्हातारी झाली आहे, थोडे महिने काढेल. १०.५ च्या आसपास येऊन थांबली तर सहातला एक कप्पा गेला आहे. १२.६ मधून २.१ गेले की १०.५ उरतात, हिशेब तिथेच दिसतो. अशी बॅटरी कुठल्याच औषधाने परत येत नाही.

१२.६ दाखवूनही बॅटरी पोकळ असू शकते. ती गाडीला लावा, मीटर जोडलेला ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी सेल्फचं बटण दाबायला सांगा. त्या क्षणी आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरीत दम आहे. ८-९ वर कोसळला तर नवी घ्या.

नवी घेतली आणि तीही उतरली, असं होऊ नये म्हणून

गाडी चालू करा, ॲक्सिलरेटर मध्यम धरा आणि बॅटरीवर मोजा. १३.५ ते १४.५ यायला हवेत. १३ च्या वर जातच नसेल तर गाडी बॅटरी भरत नाहीये, वीज तयार करणारी मॅग्नेट कॉइल किंवा ती वीज बॅटरीला बेताने देणारं, मेकॅनिक ज्याला आरआर युनिट म्हणतात ते तपासून घ्या. १५ च्या वर जात असेल तर जास्त भरतेय, तेव्हा बल्ब वारंवार जातात आणि बॅटरी फुगते. माझ्या मामांनी एका वर्षात तीन बॅटऱ्या घातल्या. दर वेळी बॅटरी बदलून मिळाली, मीटर कुणी लावला नाही. शेवटी लावला तेव्हा साडेपंधरा दाखवत होता.

दुसरं, चोरगळती, म्हणजे गाडी बंद असतानाही बॅटरीतून गुपचूप जाणारा करंट. चावी बंद करा, बॅटरीची काळी वायर सोडवा, मीटर अँपिअरवर घेऊन (लाल टोक १० अँपिअरच्या भोकात) काळी वायर आणि मायनस टर्मिनल यांच्या मधे लावा. या स्थितीत चुकूनही चावी फिरवू नका किंवा बटण दाबू नका, मीटर जळेल. साध्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य, घड्याळवाल्या गाडीत काही मिलिअँपिअर. बाहेरून बसवलेला जीपीएस, अलार्म, मोबाइल चार्जर असेल तर तिथेच शोध घ्या. २० मिलिअँपिअर खाणारं यंत्र ४ ए.एच.ची भरलेली बॅटरी २०० तासांत, म्हणजे आठ-नऊ दिवसांत कोरडी करतं.

नवी बॅटरी घेताना दुकानातच मीटर लावायला सांगा. १२.६ च्या खाली असेल किंवा उत्पादनाची तारीख फार जुनी असेल तर दुसरी मागा. ॲसिड वेगळं भरून देत असतील तर भरल्यावर अर्धा तास ठेवून पहिलं चार्जिंग पूर्ण करूनच घ्या. ते टाळून थेट गाडीत बसवली तर बॅटरी पूर्ण ताकदीला कधीच पोचत नाही. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच घ्या.

जुनी बॅटरी त्याच दुकानात द्या आणि तिचे पैसे बिलातून वजा करून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसारही ती घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, वेगळी द्यायची आहे. दारावर येणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नका. ॲसिड ओढ्यात ओतून, शिसं हातोडीने फोडून काढलं जातं, आणि शिशाची धूळ सगळ्यात जास्त बाधते ती लहान मुलांना.

गाडी उभी राहणार असेल तर

आता आप्पांचा रविवार. सेल्फ मारताना बॅटरीतून एकदम मोठा करंट जातो. १ एप्रिल २०१७ पासूनच्या बहुतेक गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, इंजिन चालू म्हणजे दिवा चालू. स्टँडवर नुसत्या आयडलिंगला गाडी जेमतेम तो दिवा भागवते, बॅटरीला फार थोडं उरतं. म्हणजे दर रविवारी खर्च जास्त आणि जमा कमी. आप्पा मायेने जे करत होते, त्यानेच बॅटरी आठवड्याआठवड्याने रिती होत होती.

पंधरा दिवसांपर्यंत गाडी उभी राहणार असेल तर काही करू नका. बॅटरी भरलेली असली म्हणजे झालं. त्याहून जास्त असेल तर घरी कुणी चालवणारं आहे का बघा. असेल तर आठवड्यातून एकदा रस्त्यावर अर्धा-पाऊण तास फिरवून आणा, पोवई नाका ते राजवाडा एवढ्या फेरीने काही होत नाही. किक असेल तर सकाळी पहिल्यांदा गाडी किकनेच चालू करा.

चालवणारं कुणी नसेल, किंवा जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसात गाडी झाकूनच ठेवायची असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून काळी वायर सोडा, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा आणि महिन्यातून एकदा मीटर लावा. आकडा १२.४ च्या खाली आला की एक रात्र चार्जर. आमच्याकडे आता चार्जर पडवीतल्या खुंटीला टांगलेला असतो, आणि कॅलेंडरवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आप्पांच्या अक्षरात एक आकडा असतो. गेल्या महिन्यात १२.५ होता.